तारेच्या बाहेर राहणाऱ्यांनी काय विचारायचं?

पांदण (धागाकर्ता)

माझं गाव वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात. पुलगावचं लष्करी दारूगोळा भांडार आमच्या वावरांच्या पलीकडे. तारेचं कुंपण जन्मापासून बघतोय. शेळी चरता चरता तारेजवळ गेली तर तिला लांबूनच हाका मारायच्या, आपण तिकडं पाऊल टाकायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आत काय आहे, किती आहे, हे गावात कधी कुणी विचारलं नाही. मीही विचारत नाही, आणि हा धागा त्यासाठी काढलेला नाही.

३० मे २०१६ ची रात्र. नवतपा चालू होता, सगळं गाव अंगणात बाजा टाकून झोपलेलं. मध्यरात्र उलटल्यावर आवाज झाला आणि टिनाचं छप्पर थरथरलं. उठून बघतो तर तिकडचं आभाळ संत्र्याच्या सालीसारखं झालेलं. पुन्हा एक आवाज. आई आधी गोठ्यात धावली. दाव्याची गाठ सुटेना, तेव्हा तिने विळ्याने दावं कापलं आणि गाय मोकळी सोडली. मी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत शेजारची मिळून चौदा माणसं चढली. मग चौकात येऊन थांबलो, कारण जायचं कुठं हे कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हणे देवळीकडे, एक म्हणे नदीकडे. आम्ही ज्या पांदणीने निघालो ती पुढे भांडाराच्याच बाजूला वळते, हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं. अंधारात ट्रॉली मागे घेताना एक म्हातारी पडली, तिचा हात मोडला.

त्या रात्री आगरगाव, नागझरी अशा कितीतरी गावांतली माणसं घराबाहेर पडली. भांडारातले दोन अधिकारी, जवान आणि आग विझवणारी माणसं गेली. आमची माणसं वाचली ती त्या लोकांनी आग तिथेच अडवून धरली म्हणून. त्यांचं ऋण आमच्या गावावर आहे.

त्यानंतर मी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. प्रश्न दोनच: पुन्हा असं झालं तर गावाला कोण कळवणार, आणि आम्ही कोणत्या रस्त्याने जायचं? दोन ओळींचं उत्तर आलं. देशाच्या सुरक्षेशी संबंधित माहिती असल्याने देता येत नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मग २० नोव्हेंबर २०१८. भांडाराच्या स्फोटकं निकामी करण्याच्या जागेवर जुना माल उतरवताना स्फोट झाला, सहा माणसं गेली. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. दिवसाची मजुरी मिळते म्हणून जाणारी माणसं.

आता लिहायचं कारण म्हणजे पुतण्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय, ‘सरकारी गुपितं फोडणारा देशभक्त की देशद्रोही?’ तो मला विचारत होता आणि मला तो कागद आठवला. देशाचं गुपित असायलाच पाहिजे, पण आमच्या पळायच्या रस्त्याला गुपित कुणी ठरवलं? आणि ठरवणाऱ्याला विचारायचं कुणी?

माजीसैनिक_आर्वी

पांदणभाऊ, तुमचं वाचून रात्रभर झोप आली नाही. मी बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली काही दारूगोळ्याच्या कामात. त्या आगीत गेले ते माझ्याच बिरादरीचे.

पण काही गोष्टी सांगतो, कारण बाहेरच्याला वाटतं की साहेब लोकांना उगाच लपवायची सवय असते. तसं नाही. दारूगोळ्याचा एक आकडा बाहेर गेला तर समोरचा हिशोब लावतो की हे किती दिवस लढू शकतील. कोणत्या शेडमध्ये काय आहे ते कळलं तर कुठं मारायचं ते कळतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागपूरजवळच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या एका अभियंत्याला अटक झाली, तेव्हा समाजमाध्यमांवरच्या खोट्या ओळखींचीच चर्चा होती. समोर गोड बोलणारी बाई असते असं वाटतं, आणि असतो भलताच कुणी. त्याच वर्षी जानेवारीत धावण्याचं एक ॲप जगभर गाजलं. जवान सकाळी पळताना ते चालू ठेवायचे आणि त्या ॲपच्या नकाशावर वाळवंटातल्या लष्करी तळांचे रस्ते उजळून दिसत होते. कुणी काही फोडलं नव्हतं. फक्त पळाले होते.

आमच्या वेळी बायकोलाही सांगायचो नाही की गाडीत काय भरलंय. ती विचारायचीही नाही. तिच्या त्या न विचारण्याची किंमत मला ठाऊक आहे.

मात्र पळायचा रस्ता गुपित नाही. हे मी फौजी म्हणून सांगतो. उलट लोक भलत्या बाजूने आले तर आगीच्या गाड्यांना वाट मिळत नाही.

खंडपीठ_नागपूर

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं लिहितो. जरा लांबेल.

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे. त्याच्या आधी १८८९ चा होता, व्हाइसरॉय कर्झनच्या काळात १९०४ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि १९२३ मध्ये आजचा आला. राज्य इंग्रजांचं होतं आणि प्रजेपासून लपवणं हा त्यांच्या कारभाराचा पाया होता. या कायद्यात ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्याच नाही. कलम ३ हेरगिरीचं आहे, ते असायलाच हवं. घोळ आहे कलम ५ मध्ये. ते इतकं ऐसपैस आहे की देणारा, घेणारा, जवळ ठेवणारा, सगळेच त्यात सापडू शकतात. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून हेरगिरीपुरती तरतूद राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घ्यावी अशी शिफारस केली. कायदा आजही आहे.

तो कुठवर ताणला जातो याचं उदाहरण आपल्या वर्ध्याचंच. २०१८ मध्ये एका माणसाने पोलीस ठाण्यात चाललेल्या बोलण्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं. शेजाऱ्याशी असलेल्या वादातून तो ठाण्यात गेला होता. त्याच्यावर थेट या कायद्याखाली गुन्हा! २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. कायद्यात ‘प्रतिबंधित जागा’ कोणत्या ते नेमकं दिलेलं आहे आणि पोलीस ठाणं त्यात येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पण विचार करा, त्या माणसाच्या डोक्यावर चार वर्षं काय टांगलेलं होतं.

आता पांदणभाऊंच्या कागदाबद्दल. तुम्हाला बहुतेक माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ए) लावलं असेल, सार्वभौमत्व आणि सुरक्षेचं. पण त्याच कायद्यात कलम ८(२) आहे. माहिती देण्यातलं लोकहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर गुपिते अधिनियम असूनही ती देता येते. कलम २२ म्हणतं की गुपिते अधिनियमात विरोधी काही असेल तर माहिती अधिकार वरचढ. आणि तुमच्या कामाचं सगळ्यात मोठं कलम १०: एकाच कागदात काही गुप्त असेल तर तेवढं झाकायचं, उरलेलं द्यायचं. अख्खा कागद दाबून ठेवायचा नाही.

राफेल विमानांच्या खरेदीच्या कागदांचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. मार्च २०१९ मध्ये सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात आधी सांगितलं गेलं की कागद मंत्रालयातून चोरीला गेले, नंतर खुलासा झाला की चोरी म्हणजे छायाप्रती. १० एप्रिल २०१९ ला तिन्ही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की छापून आलेले कागद न्यायालय पाहू शकतं. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या. मला यातून एवढंच दाखवायचंय की कागद पाहिल्याने देश बुडाला नाही आणि सरकारही हरलं नाही.

तिफणकरी

वकीलसाहेब, कलमं मले समजत नाईत, पण एक गोष्ट इचारतो. २०२३ च्या मे महिन्यात अकोल्यात दंगल झाली तवा इंटरनेट बंद केलतं. त्याच्या आंधी २०२१ मंदी अमरावतीले बी झालं. दंगलखोराले आवरा, मी कायले नाई म्हनू? पन माह्या भावानं त्याच टायमाले बियान्याचे पैसे मोबाइलवर मांगोलते, ते अडकले. दुकानदार उधार देयेना. कवा चालू होईन हे कोनी सांगे ना. हुकूम कोनं काढला, किती दिसाचा काढला, हे आमाले समजाले पायजे का नाई? का ते बी गुपित होय?

खंडपीठ_नागपूर

तिफणकरी भाऊ, गुपित नाही. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला स्पष्ट सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, अनिश्चित काळासाठी बंदी चालत नाही, आणि नागरिकाला आदेशाला आव्हान देता येतं. आदेशच दिसला नाही तर आव्हान कशाला देणार?

वनराई_गडचिरोली

मी धानोऱ्याकडे शाळेत शिकवते. सगळे सरकारने काय उघड करावं यावर बोलताय, तुमच्याशी मी सहमतही आहे. पण आमच्याकडे एक नाव फुटलं तर काय होतं ते सांगते.

पोलिसांना माणूस काही सांगतो. खरं सांगतो किंवा नुसता रस्त्याने जाताना त्यांच्याशी बोलतो. ते नाव बाहेर गेलं की नक्षली त्याला खबऱ्या ठरवतात. सकाळी रस्त्यावर प्रेत आणि शेजारी चिठ्ठी. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता, ज्याचे वडील असे गेले. तो वहीच्या पहिल्या पानावर वडिलांचं नाव लिहायचा नाही. मी कधी विचारलं नाही.

२०१० मध्ये विकीलिक्स या संकेतस्थळाने अफगाणिस्तानातले हजारो लष्करी कागद एकदम बाहेर टाकले. त्यात मदत करणाऱ्या स्थानिक लोकांची नावं होती. ती वाचून मला काबूलच्या आधी माझा वर्ग आठवला. ज्याने कागद दिले त्याचा हेतू चांगला असेल, मी मानते. पण गुपित फोडताना त्यात कुणाकुणाचा जीव आहे हे एकेक पान वाचून बघितलं पाहिजे. घाऊक फोडणं मला मान्य नाही.

पुतण्याला हे जरूर सांगा.

कोराकागद

मॅडम बरोबर बोलल्या. पण अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम करणाऱ्या स्नोडेनने तसं केलं नाही ना? त्याने जून २०१३ मध्ये कागद पत्रकारांकडे दिले, काय छापायचं ते त्यांनी ठरवावं म्हणून. आणि निघालं काय? अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था लाखो साध्या लोकांच्या फोनची नोंद जमा करत होती, कोण कुणाला किती वेळ बोलला ते. संशयित नव्हे, सगळेच. मे २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की हे कायद्यात बसत नाही, आणि जूनमध्ये कायदा करून ती घाऊक नोंद थांबवली. त्याने तोंड उघडलं नसतं तर न्यायालयात जाणार कोण? आपली नोंद होतेय हेच कुणाला माहीत नव्हतं.

मी यवतमाळात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आपल्याकडे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस सॉफ्टवेअरच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दरवेळी मोकळीक मिळत नाही. समिती नेमली, २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही, हेही न्यायालयात सांगितलं गेलं. आपलं प्रकरण तिथेच अडतं.

माजीसैनिक_आर्वी

बाळा, स्नोडेन आज रशियाचा नागरिक आहे. २०२२ पासून. हे मला पचत नाही. ज्याने शपथ घेतली त्याने आपल्या देशाच्या न्यायालयासमोर उभं राहावं. अमेरिकेचाच एल्सबर्ग राहिला होता. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची सात हजार गुप्त पानं त्याने बाहेर काढली, मग स्वतः हजर झाला.

कोराकागद

काकाजी, त्याचा पासपोर्ट रद्द झाला तेव्हा तो मॉस्कोच्या विमानतळावर अडकला. आणि अमेरिकेच्या हेरगिरीच्या कायद्यात ‘मी लोकहितासाठी केलं’ हा बचाव मांडताच येत नाही. एल्सबर्गचा खटला रद्द झाला तोही सरकारी माणसांनी त्याच्या डॉक्टरचं कार्यालय फोडल्याचं उघड झालं म्हणून.

माजीसैनिक_आर्वी

हे मला माहीत नव्हतं. बचाव मांडता आला पाहिजे. तेवढं मान्य. तरी शपथेचं माझं मत बदललेलं नाही.

जुनीबारनिशी

निवृत्त लिपिक आहे. आयुष्यभर एका कार्यालयात आवक-जावक सांभाळली. मी सुरक्षेबद्दल काही सांगू शकत नाही, पण ‘गोपनीय’चा शिक्का माझ्या टेबलावर होता, त्याबद्दल सांगू शकतो.

लाकडी मुठीचा, लाल शाईचा. कोणत्या कागदावर मारायचा याचा काही लेखी नियम माझ्या हातात कधी पडला नाही. साहेब म्हणाले की मारायचा. कर्मचाऱ्यांच्या गोपनीय अहवालांवर मारला, ठीक. एकदा एका गावच्या हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला, फ्लोराईड जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको, आणि इथे त्याच्या दुपटीहून वर. साहेब म्हणाले, लोक घाबरतील, टँकर मागतील, आत्ता बाहेर नको. मी शिक्का मारला.

त्या गावातल्या पोरांचे दात मी नंतर बघितले. तपकिरी पट्टे. माझ्या हाताने मारलेला तो शिक्का आहे. त्यात ना सीमा होती, ना शत्रू. मी तेव्हा बोललो असतो तर गुपिते अधिनियम मला लागला असता की नाही ठाऊक नाही, पण नोकरी गेली असती, आणि घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. बोललो नाही. हे मी घरातही पहिल्यांदाच सांगतोय.

आणखी एक. सरकारला आपलं गुपित जपता येतं, पण नागरिकाचं जपता येतं का? सत्येंद्र दुबे नावाच्या अभियंत्याने २००२ मध्ये महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. वय अवघं तीस. त्यानंतर जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो अजून लागू केलेला नाही. मी पत्रं हाताळली आहेत. नाव झाकून पुढे पाठवायला एक कोरी पट्टी आणि दोन मिनिटं लागतात.

वनराई_गडचिरोली

जुनीबारनिशी काका, तुम्ही हे लिहिलंत. बरं केलंत.

खंडपीठ_नागपूर

काका, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो होतो.

आता काम करू या. पांदणभाऊ, जुना अर्ज विसरा. त्या वेळी तुमचा प्रश्न भांडाराबद्दल आहे असं वाचलं गेलं. यावेळी भांडाराचं नावच नको. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ खाली प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावाच लागतो, आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्ज तिकडे करा. असं लिहा:

आमच्या गावासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातलं पान. गाव रिकामं करायचं झाल्यास ठरलेला रस्ता आणि एकत्र जमायची जागा. सूचना देण्याची जबाबदारी कोणत्या पदाची, आणि ती भोंग्याने, फोनने की दवंडीने. शेवटची रंगीत तालीम कोणत्या दिवशी झाली. आणि शेवटी एक वाक्य: यातला काही भाग सुरक्षेच्या कारणाने देता येत नसेल तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेलं द्यावं.

माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मसुदा मी मोफत तपासून देतो.

माजीसैनिक_आर्वी

यात गुपित असं एक अक्षर नाही. मी तर म्हणतो अशी तालीम गावात व्हायलाच पाहिजे. मी येतो. वारा कोणत्या बाजूचा आहे ते बघून कसं निघायचं, काच फुटते तेव्हा कुठं झोपायचं, हे मी पोरांना शिकवू शकतो. ट्रॅक्टर कुठं उभे ठेवायचे तेही. तोंड रस्त्याकडे करून, रात्री, रोज.

तिफणकरी

फौजी काकाजी, अकोल्याकडं बी या एक डाव.

पांदण (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. पुतण्याने सगळा धागा वाचला. त्याला देशभक्ताच्या बाजूने बोलायचंय, पण वनराई मॅडमचं म्हणणं आधी मांडून मगच बोलणार म्हणतो. जुनीबारनिशी काकांचं वाचताना मात्र तो मधेच उठून बाहेर गेला. आमच्याही शाळेत एक जुना हातपंप आहे. त्याच्या पाण्याची तपासणी कधी झाली, तो प्रश्न वेगळ्या अर्जात टाकतोय.

अर्ज लिहून झाला. आईला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ढोरांचंही विचार त्यांना, मागच्या वेळी गाय तीन दिवसांनी सापडली. ते पाचवा मुद्दा म्हणून घातलं आहे. सोमवारी वर्ध्याला जातो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवलाय.

जुनीबारनिशी

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी बसून राहा, पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.